सहा मीटर तांब्याची तार

माझ्या पत्नीचा आवाज दोन वेळा गेला. पहिल्या वेळी तो शस्त्रक्रियेत गेला. त्यास इलाज नव्हता. दुसऱ्या वेळी तो एका शुक्रवारी सकाळी, चहा उकळत असताना, एका वाक्याच्या मध्यावर तुटला. ते वाक्य असे होते : "अहो, परवा आक्का येनार, तवा ती भोकाची बनेल घालून..."

पुढचे शब्द आले नाहीत. शालनचे ओठ हालत राहिले, तिचे डोळे माझ्या बनियनवर रोखलेले राहिले, परंतु टेबलावरचा स्पीकर मुका झाला होता. तिने गळ्याचा पट्टा चाचपला. मग माझ्याकडे पाहून दोन्ही हात पसरले. त्या हातांचा अर्थ असा होता की, आता काय?

मी हिंदुराव. विटा गावी यंत्रमागांच्या मोटारी आणि घरोघरचे पंखे यांचे वाइंडिंग करण्यात माझी चौतीस वर्षे गेली. शाळा आठवीपर्यंत झाली; पुढचे शिक्षण वाचनालयात आणि जळालेल्या मोटारींच्या सान्निध्यात झाले. अलीकडे मोटार जळाली की लोक नवी बसवतात, जुनी कोणी गुंडाळून घेत नाही. तरीही दुकानाचे दार मी रोज उघडतो. शालनने तीस वर्षे मागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या. मागांच्या खडखडाटावर मात करण्याइतका तिचा आवाज मोठा होता. पुढे त्याच गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी तिचा कंठ काढून टाकला. गळ्याच्या खालच्या बाजूस श्वासापुरते एक छिद्र उरले.

माणसाचे बोलणे कंठात जन्मते असा आपला समज असतो. वस्तुतः कंठ केवळ नाद पुरवतो. त्या नादाला शब्दाचा आकार जीभ, जबडा आणि हनुवटीखालचे स्नायू देतात, आणि त्या स्नायूंना मेंदूचे हुकूम विजेच्या अतिसूक्ष्म लहरींच्या रूपाने येतात. एका व्होल्टाचे दहा लाख भाग करावेत आणि त्यांतले पाच-पन्नास उचलावेत, एवढाच त्यांचा दाब. कंठ काढला तरी हे हुकूम थांबत नाहीत. ते निघतात, स्नायूंपर्यंत पोहोचतात आणि नादावाचून विरून जातात. वाचापट्टा नावाचे जे यंत्र गेल्या काही वर्षांत निघाले, ते या विरून जाणाऱ्या लहरी चार ठिकाणी त्वचेवरून टिपते आणि त्यांवरून शब्द ओळखते.

ओळखण्याचे काम पत्त्यांच्या जोडाएवढ्या एका संगणकाकडे असते. एकच हिरवी पाटी. तिच्यावरच मेंदू आणि तिच्यावरच स्मरण. शेजारी बोटाने चालणारा एक लहान पडदा. पट्ट्याच्या चार तारा कमरेला लावलेल्या एका डबीत येतात. त्या डबीस हब म्हणतात. चार तोंडांचे एक तोंड करून ती डबी एका केबलने टेबलावरच्या संगणकास जोडलेली असते. हब जोडला की संगणक त्यास विचारतो, तू कोण? हब आपले नाव सांगतो, आपल्यामागे कोण कोण उभे आहे ते सांगतो, आणि मगच पुढचा व्यवहार सुरू होतो. ही विचारपूस जमली नाही तर संगणकाच्या लेखी हब अस्तित्वातच नसतो, मग त्याचा दिवा कितीही ठळक लागलेला असो.

शालनचा नवा आवाज तिच्या जुन्या आवाजावरूनच घडवला गेला. आजारापूर्वी तिने माझ्या फोनवर पाठवलेले चारशे बारा निरोप मी पुसले नव्हते. येताना कोथिंबीर आणा, गॅसवाला आला होता, कुठे बसलायसा, जेवण गार झालं. या साहित्यातून यंत्र तिचा आवाज शिकले. त्यामुळे ते काहीही बोलले तरी त्यात थोडी घाई आणि थोडी तक्रार असे. मला तो आवाज प्रथम ऐकू आला तेव्हा मी दुकानात जाऊन दार लावून घेतले आणि पुष्कळ वेळ बाहेर आलो नाही.

या यंत्राची एक अडचण कोणी आधी सांगितली नव्हती. मनुष्य जेव्हा मनातल्या मनात बोलतो, तेव्हाही त्याच्या जिभेला आणि गळ्याला किंचित हुकूम जातो. पट्टा तोही टिपतो. प्रारंभीचे काही दिवस शालन भाजी निवडत असता टेबलावरून अकस्मात आवाज येई, "ह्या मानसाला पंचवीस वर्षांत टॉवेल वाळत घालता आला न्हाई." ती दचके, मी दचके. पुढे रुग्णालयाच्या वाचा-विभागातील निशिगंधा तोडकर या अभियंता मुलीने यंत्राची संवेदनशीलता कमी करून दिली. तथापि मन फार भरून आले की अजूनही एखादे वाक्य निसटत असे. त्यांपैकी एक वाक्य मी गेल्या दोन महिन्यांत निदान वीस वेळा ऐकले होते : "मी मेले असते तरी तू आली नसतीस."

हे वाक्य तिच्या थोरल्या बहिणीसाठी, सिंधूआक्कांसाठी होते. शस्त्रक्रियेच्या वेळी आक्का आटपाडीहून आल्या नाहीत. नंतरही आल्या नाहीत. दोन वर्षे दोघींत अवाक्षर नव्हते. आता आक्कांच्या मुलाने गुवाहाटीत सोने गाळण्याचे दुकान थाटले होते आणि तो आईला कायमचे तिकडे नेणार होता. मंगळवारी त्यांचे निघणे होते. तत्पूर्वी रविवारी येऊन जाते, असा निरोप त्यांनी स्वतः होऊन धाडला होता. त्या दिवसापासून शालन मनात बोलण्याची तालीम करीत होती. फोनवर बोल, असे मी एकदा सुचवले, त्यावर ती म्हणाली, "तोंडावर बोलायचं हाय. तिनं माझं तोंड बघायचं हाय."

आणि शुक्रवारी आवाज बंद.

मी निशिगंधाबाईंना फोन लावला. पोरगी वयाने लहान, परंतु शांत. म्हणाली, "काका, घाबरू नका. पडद्यावर उपकरणांची यादी काढा. संगणकाची एक, हबची एक आणि पट्ट्याच्या चार, अशा सहा ओळी दिसतायत का?"

"एकच दिसते."

"म्हणजे संगणकाला हब दिसतच नाही. हबचा दिवा लागलाय?"

"हो, हिरवा."

"दिव्याचं काही खरं नसतं. त्याला वीज पोहोचतीय एवढंच कळतं. संगणकाच्या तोंडात दुसरं काहीतरी घालून बघा. माऊस आहे?"

माऊस घातला. यादीत दुसरी ओळ आली. अर्थात संगणकाचे तोंड शाबूत होते. मग मी हब घेऊन चौकातल्या संगणकाच्या दुकानात गेलो. तेथे त्यांच्या वायरने तो त्यांच्या यंत्रास जोडला. क्षणात ओळखला गेला. म्हणजे हबही शाबूत. मी परत येऊन हे सर्व क्रमवार सांगितले.

"छान तपासता हो काका," ती म्हणाली. "मग मधली केबलच राहिली. ती मूळचीच आहे ना? आम्ही दिलेली, एक मीटरची?"

येथे मी थांबायला हवे होते.

वाचकांस खरे सांगतो. मूळची केबल एक मीटरच होती. तिच्यामुळे शालनला बोलायचे तर टेबलापाशीच बसावे लागे. परसात शेजारच्या मालन वहिनींशी भिंतीवरून बोलता येत नसे, आणि भिंतीवरून बोलणे हा तिचा निम्मा जीव होता. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मी ती केबल काढून ठेवली, तिच्यासारखीच दुसरी आणून मध्ये कापली आणि पंख्याच्या वाइंडिंगची छत्तीस नंबरची तांब्याची तार, चार पदर, सहा मीटर, मध्ये जोडली. तार मुद्दाम बारीक घेतली, तिच्या कमरेला ओझे होऊ नये म्हणून. वर सुती नळी चढवली. चारही सांधे असे झाळले की पाहणाऱ्याने बोट फिरवून पाहावे. शालन परसात गेली, भिंतीवर हात ठेवला, आणि घरातल्या टेबलावरून तिचा आवाज खिडकीबाहेर आला. मालन वहिनी म्हणाल्या, "अगं बया, भावजींनी तर तुला मोकळी सोडली की!" चार घरी त्या तारेचे कौतुक झाले.

यंत्रास हात लावू नये, असे रुग्णालयाने लिहून दिलेले होते. परंतु ती माझी तार होती. चौतीस वर्षांत माझा सांधा सुटला असे कोणी म्हणाले नव्हते. शिवाय आदल्याच तासाला मी मीटर लावून चारही पदर पाहिले होते. चारही वेळा मीटर वाजला होता. तार अखंड होती.

"हो," मी म्हणालो. "मूळचीच."

शनिवारी सकाळी आणखी तपासण्या झाल्या. वीज देणारा अडॅप्टर बदलला. संगणक बंद करून चालू केला. शालन पाटीवर खडूने लिहून विचारी, "झालं?" मी नकारार्थी मान हलवी. दुपारी तिने लिहिले, "आक्काला उद्या येऊ नको म्हणू?" आणि माझ्या उत्तराआधीच स्वतःच्या पदराने ते पुसून टाकले.

दुपारी तीनच्या सुमारास निशिगंधाबाईंचा फोन आला. आवाज उतरलेला होता.

"काका, मी वरिष्ठांशी बोलले. तोंड चांगलं, हब चांगला, केबल मूळची. मग दोष आतल्या प्रणालीत आहे. सगळं पुसून पुन्हा भरावं लागेल."

"पुसून म्हणजे?"

"काकूंचं बोलणं यंत्र चौदा महिने शिकलंय. कुठे त्या अडखळतात, कुठला शब्द कसा ओढतात. ते पुसलं जाईल. आवाज राहील, पण ओळखणं पहिल्यापासून. तीनेक महिने जातील."

"त्याची नक्कल काढून ठेवलेली असेल ना तुमच्याकडे?"

"नाही हो काका. कायदाच तसा आहे. गळ्यात न बोललेलंही असतं ना. ते माणसाचं खासगी. म्हणून ते संगणकाच्या त्या एका हिरव्या पाटीबाहेर कुठेच ठेवत नाहीत."

पडद्यावर प्रश्न उमटला : शिकलेले सर्व पुसावयाचे आहे काय? खाली दोन चौकटी, हो आणि नाही. शालन माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. तिने सर्व ऐकले होते. तिने पाटी घेतली, सावकाश एकच शब्द लिहिला आणि माझ्यासमोर धरली. "दाबा."

तिने माझ्यावर भरवसा ठेवून चौदा महिन्यांचे बोलणे पाण्यात सोडण्याची तयारी केली होती. माझे बोट पडद्यापासून चार अंगुळांवर होते. मी ते मागे घेतले.

"बाई," मी फोनमध्ये म्हणालो, "वायर मूळची नाही."

 "काय?"

"वायर मी लांबवली आहे. सहा मीटर. माझी तार घालून."

"कसली तार?"

"वाइंडिंगची. छत्तीस नंबर. इनॅमलची. पण बाई, मीटर चारही पदरांवर वाजतो. सांधा पक्का आहे."

"काका, काका," ती म्हणाली. मला वाटले रागावेल. परंतु ती एकाच वेळी रागावली आणि हसली. "मीटर वाजतो म्हणजे काय, तर वीज या टोकाची त्या टोकाला जाते. पण इथे नुसती वीज जायची नाही. एका सेकंदात कोट्यवधी ठोके जायचेत, एकमेकांत न मिसळता. म्हणून त्या केबलच्या आत दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो आणि वर जाळीचं कवच असतं. तुमच्या तारेला पीळ आहे?"

"नाही. शेजारी शेजारी आहेत."

"कवच?"

"सुती नळी आहे."

"देवा! आणि हब चालू असताना त्याच्या तोंडाशी दाब मोजा बरं."

मी मोजला. पाच व्होल्ट पाहिजेत. भरले चार पूर्णांक चार दशांश. बारीक तारेने सहा मीटर जाताना आणि सहा मीटर येताना उरलेला दाब खाऊन टाकला होता. मोटारीला कमी दाब दिला की ती गुरगुरते, तापते, आपणांस कळवते. हब बिचारा दिवा लावून गप्प बसतो. मला हे समजायला हवे होते. मी तर दाबाचाच माणूस.

निशिगंधाबाईंनी यंत्राची रोजची नोंदही उघडायला लावली. त्या तीन आठवड्यांत हब दिवसाकाठी दोनशे-तीनशे वेळा सुटत होता आणि पुन्हा जुळत होता; शुक्रवारी सुटला तो जुळलाच नाही. मला आठवले, अलीकडे शालन बोलता बोलता मध्येच थांबे. मालन वहिनी म्हणत, आजारपणाने शालन किती पोक्त झाली, विचार करून बोलते. ती विचार करीत नव्हती. माझी तार तिचे शब्द गिळत होती.

फोन ठेवला. शालनने पाटी पुसली आणि लिहिले, "तुम्ही दाबलं असतं तर?"

 मी पक्कड घेतली आणि माझी तार हबपाशी कापली. तिला हात लावताना वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. दुकानाच्या खणातून मूळची एक मीटरची केबल आणली, पुसली, जोडली. पडद्यावर यादी मागवली. एक ओळ आली. मग हबची. मग एकामागून एक तीन. मी मोजले, पाचच होत होत्या.  शालनने पट्टा हनुवटीखाली सारखा केला आणि सहावी ओळ उमटली.

"एक तर मला न इचारता हुशारी करायची," टेबलावरून आवाज आला, "वर त्या पोरीशी खोटं बोलायचं. दोन दिस! आनि मी दाबा म्हनले तर दाबनार हुतासा?"

"नाही दाबले."

"बोट हितवर आलं हुतं." तिने दोन बोटांनी अंतर दाखवले. मग माझ्या हातातली कापलेली तार घेतली, तिच्याकडे पाहिले. "चांगली हुती पर. मालन इचारनार आता."

"काय सांगशील?"

"सांगीन, मालकांनी सोडली हुती, मालकांनीच बांधली."

ते बोलणे मला लागले. मी म्हणालो, उद्या आक्कांना टेबलाशेजारी बसवू, चांगली खुर्ची घालू, तुझे सगळे बोलून होईल. त्यावर ती ताठ झाली.

"दोन वर्सांनी भन यायची आनि मी गोठ्यातल्या म्हशीगत एका जागी बसू? मी ष्टँडावर जानार."

"केबल एक मीटर आहे शालन."

"मग तुमी एक मीटरवर चाला."

त्याप्रमाणे रविवारी सकाळी आम्ही निघालो. संगणक, स्पीकर आणि त्यांना वीज पुरवणारी एक चार्जिंगची बॅटरी, हे सारे मी एका स्टीलच्या डब्यात बसवले, झाकणास छिद्रे पाडली आणि डबा दोन्ही हातांत धरला. शालन पुढे, मी तिच्या उजव्या खांद्यामागे. ती वळली की मी वळायचे, ती थांबली की मी थांबायचे. बाजारपेठेतल्या लोकांनी पाहिले. पानवाल्याने विचारले, "काय हिंदुराव, वरातीत कलवरा झालाय काय?" शालन वळली नाही, परंतु माझ्या हातातला डबा म्हणाला, "तुझ्या लग्नात कोन कलवरा हुता सांगू का बाजारात?" पानवाला आत गेला.

वाटेत तिचे ओठ मिटलेले होते; मात्र डब्यातून, अगदी पुसट, पुन्हा पुन्हा ते एकच वाक्य येत होते. मी मेले असते तरी. मी मेले असते तरी. मी चालत राहिलो.

आटपाडीची विजेवरची बस आवाज न करता येऊन उभी राहिली. माणसे उतरली. सर्वांत शेवटी दारात सिंधूआक्का दिसल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात काठी. पायरीकडे पाहत, कोणता पाय आधी टाकावा हे ठरवत उभ्या होत्या. दोन वर्षांत त्यांचे गुडघे पार बाहेर वळले होते. शालनचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट झाला. तिने अजून ओठही विलग केले नव्हते. डबा मोठ्याने बोलला :

"आक्का, काठी खाली टाक. दांडा धर. उलटी उतर, उलटी."

आक्का जागच्या जागी थांबल्या. त्यांनी काठी टाकली नाही. ती त्यांच्या हातातून पडली. त्या इकडेतिकडे पाहू लागल्या. मागून कंडक्टर म्हणाला, "आजी, चला, गाडी फिरवायचीय."

"कोन बोललं ते?" आक्का म्हणाल्या.

"मी बोलले. उतर आधी."

त्या उलट्या उतरल्या, एकेक पायरी, दांड्याला दोन्ही हातांनी धरून. जमिनीवर पाय टेकल्यावर वळल्या आणि शालनच्या गळ्याकडे पाहिले. पट्ट्याखाली पांढरा कपडा होता. त्यांनी डोळे बाजूला नेले आणि पुन्हा आणले.

"तुझाच आवाज हाय की गं."

"मग कुनाचा असनार?" शालनचे डोळे भरले होते, परंतु डबा थांबला नाही, तो थांबवणे तिच्याही हातात नव्हते. "मी मेले असते तरी तू आली नसतीस."

बस मागे सरली. मला वाटले, आता आक्का पिशवी उचलतील आणि पुढच्या गाडीला जातील. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"नसते आले," त्या म्हणाल्या. "खरंच सांगते, नसते आले. आईला त्या खाटेवर बघितलं, तवापासनं मला दवाखान्यात पाऊल टाकवत न्हाई. मी तुज्यापेक्षा थोरली, पर भित्री हाय मी शालन. तुला ठाव हाय."

"ठाव हाय. तरी यायचं."

"व्हय. तरी यायचं."

"फोन तरी करायचास."

"केला आनि तू बोलली न्हाईस तर काय करू? ह्याचीच भीती."

"मी बोलनार कशी? कंठ काढलेला!"

"तेच म्हनते मी!"

मग दोघी भांडू लागल्या. आईच्या आजारपणापासून आरंभ झाला. तेथून कोणाच्या बाळंतपणाला कोण आले, कोणाच्या वास्तुशांतीला कोणती साडी दिली, आणि गुवाहाटीला जाऊन आक्का काय खाणार, तिकडे ज्वारी मिळते की नाही, येथपर्यंत. मध्येच आक्कांनी शालनचा हात धरला होता; तो कधी धरला ते मला दिसले नाही, कारण मी शिष्टाचार म्हणून तोंड दुसरीकडे वळवून उभा होतो. एक मीटरच्या आत राहून यापेक्षा लांब जाता येत नाही. ऐकू सर्व येत होते.

पाऊण तास झाला. डब्याच्या छिद्रांतून पाहिले तेव्हा बॅटरी अठ्ठावीस टक्क्यांवर आली होती. घरी जाऊन बोलता येईल, तेथे खुर्च्या आहेत, जेवण झाकून ठेवले आहे, एवढेच सुचवावे म्हणून मी हळूच घसा खाकरला.

"थांबा जरा," एक आवाज माझ्या हातातल्या डब्यातून आला.

"थांबा जरा, हिंदुराव," दुसरा आक्कांच्या तोंडून.

मी डबा डाव्या हातातून उजव्या हातात घेतला आणि थांबलो.